कुत्र्याचा जामीनदार
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा, असं कमिटीने मला सांगितलं. पाण्याची टाकी, लिफ्ट, पार्किंग यांवर इतर बोलतीलच. मी कुत्र्यांवर बोलणार आहे. गेल्या वार्षिक सभेत सगळ्यात जास्त आवाज याच विषयावर चढला होता. बी विंगमध्ये रॉटवायलर आला आणि 'असल्या जातीचं कुत्रं नको' असा अर्ज फिरला. मी सही केली नाही, म्हणून काही मंडळी माझ्यावर नाराज आहेत. त्याचं कारण आज सांगतो.

आपल्या सोसायटीतलं पाळीव कुत्रं माणसाला चावल्याची मला माहीत असलेली घटना एकच, आणि ते कुत्रं माझं होतं. जुन्या मंडळींना आमचा चिंटू आठवत असेल. पांढराशुभ्र पॉमेरियन, वजन जेमतेम चार किलो. लिफ्टचं दार उघडलं की गुरगुरायचा. मी हसून म्हणायचो, "घाबरू नका हो, चावत नाही तो." एका सकाळी तो वॉचमनच्या पोटरीला चावला. मी इंजेक्शनचे पैसे दिले, आणि वर "तूच त्याला दचकवलं असशील" असंही ऐकवलं. तो बिचारा गप्प बसला. रजिस्टरमध्ये नोंद झाली नाही, कुणी अर्ज फिरवला नाही. कुत्रं गोंडस होतं आणि मालक बँकेत ऑफिसर होता ना!

पुढे जनावरांच्या डॉक्टरांनी मला समजावलं, की गुरगुरणं ही कुत्र्याची सूचना असते. त्यासाठी त्याला मारलं, तर ते सूचना न देता चावायला शिकतं. ते कशाला घाबरतंय, हे आपण शोधायचं असतं. चिंटू दोन वर्षं मला नोटीस देत होता आणि मी ती वाचली नाही. बँकेत मात्र लोकांना सांगायचो, पहिल्या नोटिशीकडे दुर्लक्ष करू नका!

मग जातीला काहीच अर्थ नाही का? आहे. रॉटवायलर चावला तर इजा पॉमेरियनपेक्षा कितीतरी मोठी. म्हणून त्याच्या मालकाकडे ताकद, वेळ आणि शिस्त जास्त हवी. पण नुसत्या जातीवरून स्वभाव ठरत नाही. 2022 साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. 18 हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती मालकांकडून घेतली होती. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला सुमारे 9 टक्केच जातीमुळे, असं त्यात निघालं. नेदरलँड्सने 1993 साली पिटबुलवर बंदी घातली आणि चावण्याचे प्रकार कमी होईनात म्हणून 2008 मध्ये ती मागे घ्यायचं ठरवलं. आपल्याकडेही 12 मार्च 2024 रोजी केंद्राने राज्यांना 23 जातींबद्दल परिपत्रक पाठवलं. त्यात रॉटवायलरही होता. संबंधितांशी चर्चा केली नाही, म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते रद्द केलं.

बँकेत आम्ही कर्जदाराचं आडनाव बघून कर्ज देत नसू. त्याची परतफेडीची सवय आणि त्याचा जामीनदार बघायचो. कुत्र्याचा जामीनदार म्हणजे मालक. कायदाही तेच म्हणतो. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 पाहा. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यात जात लिहिलेली नाही.

तेव्हा कुत्रं पाळणाऱ्यांना विनंती. जिन्यात, लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरा. रेबीजची लस चुकवू नका. कुत्र्याला दिवसभर बांधून किंवा बाल्कनीत कोंडून ठेवू नका. लहान मुलाला त्याच्यापाशी एकटं सोडू नका. "चावत नाही" हे वाक्य तर विसरूनच जा. इतरांनीही मालकाला विचारल्याशिवाय हात लावू नये. खाताना, झोपताना कुत्र्याला छेडू नये, हे मुलांना शिकवा. चावलंच, तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद-तिखट लावत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बी विंगचं ते कुटुंब लिफ्टमध्ये कुणी असेल तर कुत्र्याला घेऊन बाजूला थांबतं, पुढच्या फेरीने जातं. मी हे रोज बघतो. एवढं शहाणपण मला चिंटूच्या वेळी सुचलं नव्हतं.

त्या वॉचमनचा पत्ता आज माझ्याकडे नाही. त्याची माफी मागायची राहून गेली, ती तुम्हा सर्वांसमोर मागतो. आणि कमिटीला एक सूचना करतो. कुत्रं चावल्याच्या नोंदींसाठी वेगळं रजिस्टर ठेवा. कुत्रं लहान असो की मोठं, मालक कुणीही असो, नोंद झालीच पाहिजे. पहिली ओळ चिंटूच्या नावाची असू द्या. मालक म्हणून तिथे मी सही करीन.