छाप्यानंतरची हवा

पेपरातला तो फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. टेबलावर पांढऱ्या भुकटीच्या पुड्या रचलेल्या, मागे अधिकारी ओळीने उभे आणि मथळ्यात कोटींचा आकडा. माल किती किलो, किंमत किती, किती जण धरले, सगळं छापून येतं. ज्या खोलीतून तो माल निघाला तिथे पहिलं पाऊल कोणी टाकलं, त्याने कसली हवा छातीत घेतली, हे मात्र कधी छापलं जात नाही. श्रोतेहो, आज मला त्या हवेबद्दल बोलायचं आहे.

मी कवी माणूस, कला शाखेचा पदवीधर. रसायनशास्त्राशी माझं नातं मॅट्रिकलाच तुटलं. पण विषय घराजवळ आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात मेफेड्रोनचा, म्हणजे पोरं ज्याला 'एमडी' म्हणतात त्याचा, कारखाना मुंबई पोलिसांनी पकडला. त्याच महिन्यात पैठणच्या एमआयडीसीत डीआरआय आणि अहमदाबादच्या गुन्हे शाखेने धाड घातली. फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यातलं कुरकुंभ, मार्चमध्ये कवठे महांकाळ तालुक्यातलं इरळी. पैठण आमच्या जालन्याहून दोनेक तासांवर, आणि आमच्या नळाला पाणी येतं ते तिथल्याच जायकवाडीचं.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका बाईंचा मुलगा पोलिसात शिपाई आहे. त्या मला एकदा म्हणाल्या, "भाईजान, तुम्ही वाचता-लिहिता. असल्या ठिकाणी शिरताना पोरं तोंडाला काय बांधतात?" रुमाल, असं माझ्या ओठावर आलं होतं. ते बोलवलं नाही, म्हणून वाचायला बसलो.

रुमालाने धूळ अडते, वाफ अडत नाही. ओला रुमालही तसाच. अशा कारखान्यात आम्लं असतात, पेट्रोलसारखे भडकणारे द्रव असतात, आणि त्यांची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती जमिनीलगत, खड्ड्यात, तळघरात साचून राहते. डोळ्यांना काही दिसत नाही. अशा खोलीत दिव्याचं बटण दाबलं तर बटणातली बारीकशी ठिणगी पुरते. म्हणून जाणकार सांगतात, बटण चालू करायचं नाही आणि चालू असलेलं बंदही करायचं नाही. मोबाइल बाहेर ठेवायचा. बाटलीचं बूच उघडून वास घ्यायचा नाही. शेगडीवर काही उकळत असेल तर घाईने तीही विझवायची नाही, तिच्या भोवती फिरणारं थंड पाणी तोडायचं नाही. काय आधी थांबवायचं ते रसायनतज्ज्ञाने ठरवायचं. नाहीतर थंड करणारं पाणी थांबतं, आतली क्रिया मात्र चालूच राहते आणि भांडं फुटतं.

हे सगळं संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हे कार्यालयाने पुस्तिका काढून सांगितलेलं आहे. अमेरिकेत तर अशा जागी जाणाऱ्या पोलिसांना आधी वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. पद्धत ऐकायला साधी आहे. माणसं बाहेरच पकडायची. वाऱ्याच्या पाठीकडून जायचं. आधी हवा मोजणारं यंत्र आत जातं. हवेत प्राणवायू एकवीस टक्क्यांच्या आसपास असतो. साडेएकोणीसच्या खाली गेला तर कोळशाचा मास्क काही कामाचा नाही, पाठीवर हवेचा सिलिंडर लागतो. दोघं आत गेले की तशाच तयारीचे दोघं दाराशी उभे राहतात, आतल्यांना ओढून काढायला. बाहेर येणाऱ्याने धुऊन घ्यायचं, कपडे तिथेच उतरवायचे, बूट घरी न्यायचे नाहीत. त्या बुटांशी घरी लेकरू खेळतं, हे लक्षात घ्या.

जालन्याच्या माणसाला हे समजावायला खरं तर कष्ट पडू नयेत. आमचं गाव लोखंडाच्या भट्ट्यांचं. भट्टीत भंगार टाकण्याआधी त्यात बंद डबा, बंद नळी नाही ना, हे मजूर बघतो. का बघायचं ते त्याला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नसतं, शेजारच्या भट्टीवर काय झालं ते त्याने ऐकलेलं असतं.

मला पोलिसांइतकीच काळजी पंचांची वाटते. छापा म्हटला की पंच आले. पानटपरीवाला, एखादा कारकून, रस्त्याने चाललेला कुणीतरी. "चला, सही करायची आहे" म्हणून त्याला नेतात. त्याला कोण मास्क देणार? पंचाने माल पाहिला पाहिजे हे कायद्याचं म्हणणं योग्यच आहे, पण हवा तपासून झाल्यावर, बाहेर मोकळ्यात आणलेला माल दाखवता येतो. फोटो आहेत, व्हिडिओ आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये श्रीनगरच्या नौगाम पोलीस ठाण्यात स्फोट झाला. तो ड्रगचा माल नव्हता, फरीदाबादहून जप्त करून आणलेली स्फोटक रसायनं होती. न्यायवैद्यक पथक नमुने घेत होतं, आणि तेही जपून, असं तिथल्या पोलीस महासंचालकांनी सांगितलं. नऊ माणसं गेली. त्यांत तज्ज्ञ होते, पोलीस छायाचित्रकार होते, महसूल खात्याचे दोघे होते, आणि एक शिंपी होता. नमुन्यांच्या पिशव्या शिवायला त्याला बोलावलं होतं. त्या शिंप्याची बातमी वाचून मी बराच वेळ पान उलटलं नाही.

जप्त माल ठाण्यात साठवून ठेवण्याचा धोका सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच ओळखला होता. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नमुने काढा आणि उरलेल्याची लवकर विल्हेवाट लावा, असं न्यायालयाने सांगितलं. त्यावर केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये जप्ती, साठवण आणि विल्हेवाटीचे नियमही काढले. आपल्याकडे असा माल तळोजा, रांजणगावसारख्या ठिकाणी घातक कचऱ्याच्या भट्टीत जाळतात. भुकटीचं ठीक आहे, तिच्यावर कोटींचा आकडा असतो, तिच्यावर डोळा ठेवायला माणसं असतात. उरतं ते बाकीचं: तळाशी द्रव राहिलेले कॅन, मोरीत ओतलेलं काही, भिजलेली माती. हे न्यायला प्रदूषण नियंत्रण मंडळाचा माणूस त्याच दिवशी हवा. पोलीस कुलूप लावून गेले, आणि पहिला पाऊस ते सगळं शेजारच्या विहिरीत घेऊन गेला, असं व्हायला किती वेळ लागतो?

आणि ते निळे ड्रम. मराठवाड्यात पाणी आठ-आठ दिवसांनी येतं. दारात निळा ड्रम नाही असं घर सापडणं कठीण. तो आपण भंगारवाल्याकडून घेतो, दोनदा धुतो, वर झाकण ठेवतो. आधी त्यात काय होतं हे भंगारवाल्यालाही माहीत नसतं. घातक रसायनाचा रिकामा डबासुद्धा २०१६ च्या नियमांत घातक कचराच धरला आहे. छाप्याच्या पंचनाम्यात रिकामे ड्रम मोजून लिहावेत, आत वाफ उरली नाही याची तज्ज्ञाने खात्री केल्यावरच त्यांना भोकं पाडावीत आणि मगच ट्रकमध्ये चढवावेत.