भेट सरांना, कमिशन तिसऱ्याला

५ सप्टेंबरचा शिक्षक दिन जवळ आला, की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एखादा फोटो येतो. सजवलेल्या खोक्यात साबण, क्रीम, प्रोटीन पावडरचा डबा. खाली ओळ: सर-मॅडमसाठी भेट, प्रत्येकी ३०० रुपये. मग नावांची यादी, ज्यांनी दिले त्यांच्यापुढे खूण. ही वर्गणी काढणारी ताईच त्या मालाची विक्रेती असेल, तर ते मात्र लिहिलेलं नसतं.

रावेरच्या शिवारात केळीचे घड वाहणाऱ्या आईला हे पैसे जड जातात. तरी ती देते. आपल्या लेकराच्या नावापुढची जागा कोरी दिसू नये म्हणून. मला राग येतो तो या यादीचा.

दुकानाऐवजी अशा विक्रेत्यांच्या जाळ्यातून माल विकण्याला, म्हणजे थेट विक्रीला, बंदी नाही. पण २०२१च्या ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियमांनुसार विक्रेत्याने सुरुवातीलाच स्वतःची, कंपनीची ओळख आणि आपला हेतू सांगायला हवा. ओळखपत्र आणि पूर्वपरवानगीशिवाय घरीही येता येत नाही. ‘आणखी दोघांना जोडा, तुमचे पैसे वसूल’ हे आमिषही चालत नाही. नुसती माणसं जोडून पैसा फिरवणाऱ्या साखळ्यांवर तर १९७८च्या कायद्यानेच बंदी आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांवरही भेटी घेण्याबाबत सेवानियमांची बंधनं आहेत.

तेव्हा पालक सभेत सरळ विचारा: माल कोणाचा, बिल कुठे, कमिशन कोणाला? फसवणूक वाटली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.