गिरवणं आणि काढणं



भोसरीतल्या आमच्या बालवाडीत गेल्या श्रावणात एका मुलीनं घरून पाटी आणली. काळी, हलकी, प्लॅस्टिकची. दिसायला आपल्या जुन्या दगडी पाटीसारखीच, पण खालच्या कोपऱ्यात एक बटण. मुलगी चार वर्षांची. वडील चाकणला एका कारखान्यात पाळीनं कामाला जातात, त्यांनी बाजारातून आणलेली. तिनं त्या पाटीवर गाय काढली. पोट म्हणजे एक मोठा गोल, खाली रेघांचे पाय आणि शिंगं मात्र अगदी जोरकस. मग तिच्या लक्षात आलं की पाय पाच झालेत. पाचवा पुसायला तिनं बोट घासलं. जाईना. ओली चिंधी फिरवली. तरी जाईना. शेवटी बटण दाबलं, तर पायाबरोबर सगळी गाय गेली.

ती रडली नाही. रिकाम्या पाटीकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, “बाई, आख्खी गाय गेली.”

मंडळी, लहान मुलांना चित्र काढायला आणि लिहायला शिकवणारी इलेक्ट्रॉनिक खेळणी आता आपल्या भोसरी-चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यात घरोघर आली आहेत. निगडी-प्राधिकरणातल्या फ्लॅटमध्ये आहेत, तशी खराबवाडी-महाळुंग्याच्या दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीतही आहेत. त्यांच्याबद्दल बोलायचं तर आधी एक फरक सांगायला हवा. त्या मुलीच्या पाटीसारखी पाटी काही शिकवत नाही. तिच्या पापुद्र्याखाली द्रव स्फटिकांचा थर असतो. काडीनं दाबलं की तेवढ्या जागचे स्फटिक आपली मांडणी बदलतात, तिथून प्रकाश परततो आणि रेघ दिसते. रेघ उमटायला वीज लागतच नाही. वीज लागते ती पुसायला, तीही बटणाएवढ्या सेलची. बाकी सगळं मुलाच्या हातात.

दुसरी जात बोलणाऱ्या खेळण्यांची आणि मोबाईलमधल्या अक्षरखेळांची. तिथे काचेवर ठिपक्यांचं अक्षर येतं, बाण दिशा दाखवतो, मूल बोट फिरवतं आणि अक्षर पूर्ण झालं की टाळ्या वाजतात. बोट वाटेबाहेर गेलं तर रेघ उमटतच नाही. पालकांना हे फार आवडतं, कारण मूल चुकतच नाही. मला काळजी वाटते ती नेमकी याचीच.

आपल्या भाषेत यासाठी किती नेमका शब्द आहे: गिरवणं. पूर्वी पोर शाळेत बसायचं ते धूळपाटीवर. फळीवर बारीक धूळ पसरायची, पंतोजी अक्षर काढून द्यायचे आणि पोरानं त्यावरून हात फिरवायचा. पण गिरवणं ही पहिली पायरी होती. धूळ सारखी केली की तेच अक्षर पोरानं मनानं काढायचं. वाकडं येई, उलटं येई, पण त्याचं स्वतःचं येई. अक्षरखेळात ही दुसरी पायरी बहुधा नसते. मूल शंभर वेळा गिरवतं आणि एकदाही काढत नाही.

याचा अभ्यासही झाला आहे. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या करिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी २०१२ साली तो प्रसिद्ध केला. अजून वाचायला न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना त्यांनी काही अक्षरं हातानं काढायला दिली, काही ठिपक्यांवरून गिरवायला दिली, तर काही कळ दाबून टाईप करायला दिली. नंतर तीच अक्षरं दाखवून मेंदूचं चित्रण केलं. वाचताना मेंदूचा जो भाग जागा होतो, तो ठळकपणे जागा झाला तो हातानं काढलेल्या अक्षरांच्या वेळी. गिरवलेल्या अक्षरांनी ते काम तसं केलं नाही. मुलं होती मोजकी, हे खरं. पण कुठल्याही बालवाडीच्या बाईला हे पटेल. मूल दहा वेळा ‘अ’ काढतं तेव्हा दहा वेगवेगळे ‘अ’ निघतात. त्या सगळ्यांत एकच ‘अ’ आहे हे ओळखता येणं, हेच तर अक्षर येणं.

आता आपल्या घरची एक अडचण. मराठीचा ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा. राज्य शासनानं २०२२ च्या नोव्हेंबरातल्या वर्णमालेच्या निर्णयातही ते तसेच सांगितले आहेत. पण पुष्कळ खेळांमध्ये देवनागरी म्हणून हिंदीच्या वळणाचा दंडाचा ‘ल’ येतो. आमच्याकडच्या एका मुलानं मोबाईलवर बोटानं सुरेख पाकळीचा ‘ल’ काढला. खेळानं तो नाकारला. पुन्हा काढला, पुन्हा नाकारला. त्यानं वर मान करून माझ्याकडे पाहिलं. मी फळ्यावर शिकवलं ते खोटं होतं का, असं विचारणारी ती नजर मी विसरलेले नाही.

तरी मी या खेळण्यांना सरसकट वाईट म्हणणार नाही. आपल्या पट्ट्यात कामासाठी कुठून कुठून माणसं आली आहेत: लातूर-बीडहून, यवतमाळहून, बिहार आणि ओडिशातूनही. ज्या आईला मराठी येत नाही, तिच्या मुलाला ‘ळ’ कोण म्हणून दाखवणार? तिथे बोलणारं खेळणं कामाला येतं. आणि रात्रपाळी करून सकाळी घरी आलेल्या वडिलांना झोपायचं असतं, खोली एकच असते. तेव्हा पोराच्या हातात मोबाईल देणारी आई बेफिकीर नसते, ती घर सांभाळत असते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एक तासाहून जास्त पडदा नको, त्याहून कमी तर उत्तमच. ते मी पालकसभेत सांगते. पण त्याबरोबर त्या खोलीत दुसरं काय देता येईल, तेही सांगते.

गंमत अशी की ही कामगारवस्तीची कहाणी नवी नाही. मारिया माँटेसोरी बाईंनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह काढलं, ते सॅन लोरेंझो या गरीब कष्टकऱ्यांच्या वस्तीत. आईबाप कामावर आणि मुलं चाळीत मोकाट, म्हणून. तिथे मुलं खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवत. बोटाला खरखर लागे, काचेवर ती लागत नाही. एकदा गच्चीवर बाईंनी पाच वर्षांच्या एका मुलाला खडू दिला आणि समोरचं धुराडं काढायला सांगितलं. त्यानं धुराडं काढलं, आणि मग एकाएकी ‘मला लिहिता येतं’ म्हणून ओरडत फरशीवर शब्द लिहिला. शब्द होता, हात. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी हेच शिक्षण १९४५ पासून बोर्डीला आदिवासी पाड्यांत नेलं, तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून शिंपले, बिया आणि पानं घेतली.

खेळणं घेतलंच तर दोन गोष्टी हात जोडून सांगते. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे, ती पाहा. आणि सेलच्या झाकणाला स्क्रू आहे ना, तो घट्ट आहे ना, हे बघा. तो चपटा सेल मुलानं गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजू शकतं. तसा नुसता संशय आला तरी वाट न पाहता दवाखाना गाठा.

त्या मुलीच्या वडिलांना मी गाईची हकीकत सांगितली. दोन दिवसांनी ते रात्रपाळी संपवून थेट बालवाडीत आले. डोळे तांबारलेले. खिशातून कागदाची पुडी काढली. फॅब्रिकेशनला पत्र्यावर खुणा करतात त्या पांढऱ्या खडूचे चार-पाच तुकडे होते, साहेबांना विचारून आणलेले. मुलगी शहाबादी फरशीवर पालथी पडली आणि गाय काढू लागली. पाय पुन्हा पाच झाले. वडील उकिडवे बसले होते, काही बोलले नाहीत. तिनं मोजले, पाचव्यावर बोट घासलं. पाय गेला, पण फरशीवर गाईखाली पांढुरका डाग राहिला. तिनं तो थोडा वेळ निरखला. मग त्याला दोन कान काढले आणि वडिलांना म्हणाली, “पप्पा, हे वासरू.”