कस्टम्सच्या कागदावर आयातदार म्हणून तुमचं नाव असतं

आजचा विषय तुम्हीच दिलाय. गेल्या काही दिवसांत आलेल्या व्हॉइस नोट्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजांत ऐकू आला. परदेशी साइटवर हातात धरून खेळायचा गेमिंग कन्सोल स्वस्त दिसला, पैसे भरले, पार्सल मुंबईत आलं आणि फोनवर मेसेज आला: एवढे रुपये ड्युटी भरा, नाहीतर पार्सल सुटणार नाही. मग पुढचा प्रश्न: "दादा, हे खरंच सरकार घेतंय की कोणी चुना लावतंय?"

दोन्ही होऊ शकतं. पण त्यातला फरक ओळखायचा तर आधी एक गोष्ट समजून घ्यायला लागेल. तुम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन घेता, तेव्हा तो देशात कोणी आणला, त्यावर कर कोणी भरला, कागदपत्रं कोणी केली, याच्याशी तुमचा काही संबंध येत नाही. ते कंपनीने किंवा वितरकाने आधीच निस्तरलेलं असतं. परदेशी साइटवर तुम्ही खरेदीचं बटण दाबलंत की हा मधला माणूस गायब होतो. कायद्याच्या भाषेत आयातदार तुम्ही असता. कुरिअर कंपनी फक्त तुमच्या वतीने कागद सादर करते, म्हणूनच ती आधार, पॅन किंवा पासपोर्ट मागते. केवायसी मागितली म्हणजे लगेच फसवणूक, असं नाही.

आता हिशोब. कस्टम्स फक्त वस्तूच्या किमतीवर ड्युटी लावत नाही. वस्तूची किंमत, इथपर्यंत आणायचं भाडं आणि विमा, या तिन्हींची बेरीज धरतात. "पण साइटवर फ्री शिपिंग लिहिलं होतं" हा युक्तिवाद चालेलच असं नाही. भाडं किती ते कळत नसेल तर किमतीच्या 20 टक्के धरायची नियमात सोय आहे, आणि विम्याचा आकडा नसेल तर 1.125 टक्के. डॉलरचा भावही गुगलवर दिसतो तो नाही, कस्टम्सने स्वतः जाहीर केलेला असतो.

या बेरजेवर आधी मूळ सीमाशुल्क. मग त्या शुल्कावर समाजकल्याण अधिभार. मग किंमत, शुल्क, अधिभार हे सगळं धरून त्यावर आयजीएसटी. म्हणजे करावर कर बसतो, आणि इथेच लोकांचा अंदाज चुकतो. 2021 च्या सुरुवातीचे दर घेऊन बघू. वैयक्तिक वापरासाठी आलेल्या मालाला तेव्हा सरसकट 35 टक्के मूळ शुल्क होतं. शंभर रुपयांच्या वस्तूवर 35 रुपये. त्यावर 10 टक्के अधिभार, साडेतीन रुपये. झाले 138 रुपये 50 पैसे. आता यावर 28 टक्के आयजीएसटी, म्हणजे 38 रुपये 78 पैसे. एकूण कर 77 रुपये 28 पैसे! शंभराची वस्तू घरी येईपर्यंत 177 ची.

हा हिशोब गॅजेटच्या हौसेपुरताच राहिला नाही. त्याच वर्षी एप्रिल-मेमध्ये कोरोनाची दुसरी लाट आली आणि लोक परदेशातल्या नातेवाइकांकडून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मागवायला लागले. सरकारने मूळ शुल्क माफ केलं, पण आयजीएसटी राहिला. आधी 28 टक्के, मग 1 मेपासून 12. दिल्लीतल्या एका ज्येष्ठ नागरिकाला अमेरिकेतल्या पुतण्याने कॉन्सन्ट्रेटर भेट म्हणून पाठवला होता. त्यांनी हा कर कोर्टात नेला. दिल्ली उच्च न्यायालयाने मे महिन्यात तो घटनाबाह्य ठरवला, आणि 1 जूनला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. श्वासासाठी मागवलेल्या यंत्रावर एवढी लढाई होत असेल, तर कन्सोलवर कोणी सूट देईल अशी आशा ठेवू नका.

दर मात्र बदलत राहतात. 2026 च्या अर्थसंकल्पात वैयक्तिक आयातीचा हा सरसकट दर 20 वरून 10 टक्क्यांवर आणायचा प्रस्ताव मांडला गेला. म्हणून तीन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओतला आकडा धरून खरेदी करू नका. आणि तुमची वस्तू सरसकट दरात बसते की तिच्या स्वतःच्या वर्गात, यावरही रक्कम बदलते. मागवण्याआधी सीबीआयसीच्या किंवा आइसगेटच्या साइटवर त्या दिवशीचा दर बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता तुमचा सगळ्यात लाडका उपाय: "विकणाऱ्याला पाकिटावर गिफ्ट लिहायला सांगू का?" नका सांगू! एकेकाळी 5,000 रुपयांपर्यंतच्या भेटवस्तू ड्युटीशिवाय सुटायच्या. मग परदेशी साइट सर्रास विकलेल्या मालावरच गिफ्ट लिहायला लागल्या. 12 डिसेंबर 2019 ला परदेशी व्यापार महासंचालनालयाने ती वाटच बंद केली. पोस्टाने किंवा कुरिअरने 'भेट' म्हणून माल सोडवून घ्यायला मनाई झाली. अपवाद ठेवले ते जीवनरक्षक औषधं आणि राखीचे. राखी चालते, पण राखीसोबतची भेट चालत नाही, इतक्या बारकाईने लिहिलंय. कॉन्सन्ट्रेटरसाठीही 2021 मध्ये या यादीत तात्पुरती वेगळी भर घालावी लागली होती.

दुसरी युक्ती म्हणजे किंमत कमी लिहायची. तीनशे डॉलरचा हेडफोन तीस डॉलरचा. अहो, अधिकाऱ्याकडेही इंटरनेट आहे, मॉडेल नंबर टाकला की खरी किंमत समोर! मग बिल, बँकेचं स्टेटमेंट मागतात. खोटी किंमत दाखवली तर सीमाशुल्क कायदा, 1962 प्रमाणे माल जप्त होऊ शकतो आणि दंडही होऊ शकतो. आणि दंड शेनझेनमधल्या दुकानदाराला होत नाही. आयातदार तुम्ही आहात.

काही वस्तूंचा तर ड्युटीशी संबंधच येत नाही, त्या मुळात आणताच येत नाहीत. लग्नाचं शूटिंग करणारे बरेच जण ऐकतात, त्यांच्यासाठी सांगतो: 9 फेब्रुवारी 2022 पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संशोधन, संरक्षण, सुरक्षा अशा कामांना अपवाद आहेत, लग्नाला नाही. सुट्या भागांवर ही बंदी नाही, पण अख्खा ड्रोन सुटा करून आणणं हेही बंदीतच येतं. ई-सिगारेट 2019 च्या कायद्याने बंद. लॅपटॉपबद्दल 2023 च्या ऑगस्टमध्ये बराच गोंधळ झाला होता, पण ऑनलाइन घेतलेला एक लॅपटॉप किंवा टॅबलेट पोस्टाने, कुरिअरने मागवायला तेव्हाही मोकळीक ठेवली होती, ड्युटी भरून.

"मामा दुबईहून येतोय, त्याच्याकडून मागवलं तर?" चालतं, पण मर्यादेत. 2016 च्या बॅगेज नियमांत प्रवाशाला 50,000 रुपयांपर्यंतच्या वस्तू ड्युटीशिवाय आणता यायच्या, 2026 च्या नियमांत ही मर्यादा 75,000 झाली. त्याशिवाय 18 वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप मोकळा. मामा आणि मामी दोघांची मर्यादा एकत्र करून एकच दीड लाखाचा कॅमेरा आणू, असं मात्र जमत नाही. आणि फ्लॅट टीव्ही 2013 च्या ऑगस्टपासून या सवलतीतून बाहेर आहे, त्यामुळे मामाला उगाच पंचावन्न इंची खोका उचलायला लावू नका. मर्यादेपेक्षा जास्त असेल तर त्याला रेड चॅनेलमधून जाऊन जाहीर करायला सांगा. तुमच्या फोनसाठी त्याला विमानतळावर चार तास बसवू नका. उलट तुम्हीच महागडा कॅमेरा घेऊन बाहेर जाणार असाल, तर निघताना कस्टम्सकडून त्याचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. परत येताना 'हा नवीन आहे का' हा वाद होत नाही.

खर्चात आणखी दोन गोष्टी धरा. कुरिअर तुमच्या वतीने ड्युटी आधी भरतं आणि त्या सेवेचे वेगळे पैसे लावतं. आणि बिघडली तर वस्तू पाठवायची कुठे? बऱ्याच ब्रँडची वॉरंटी ज्या देशात घेतली त्याच देशात चालते. अमेरिकेतल्या आयफोनला 14 पासून सिमकार्डचा खाचाच नाही, फक्त ई-सिम. इथे किंमत सात-आठ हजारांनी जास्त असली, तर मी स्वतः इथलंच घेईन. सर्व्हिस सेंटर रिक्षाच्या अंतरावर असणं याला किंमत आहे.

आणि ड्युटी परवडत नाही म्हणून पार्सल नाकारलं तर? विकणारा पैसे परत देईलच असं नाही. काही मोठ्या साइट आयातशुल्काची अंदाजे रक्कम ऑर्डरच्या वेळीच घेतात. शक्य असेल तिथे तोच पर्याय निवडा, आकडा आधी कळतो.

आता चुना लावणाऱ्यांकडे येऊ. तुम्ही काही मागवलेलंच नाही आणि फोन येतो: "मी कस्टम्समधून बोलतोय, तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, व्हिडिओ कॉलवर या." किंवा इन्स्टावर ओळख झालेला कुणी परदेशी 'मित्र' आयफोन पाठवतो आणि दुसऱ्या दिवशी एक बाई ड्युटी मागते, तीही यूपीआयवर, एका माणसाच्या नावाने. खरी कस्टम्स कोणाच्या खाजगी खात्यात पैसे मागत नाही. सीबीआयसीच्या पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो आणि तो त्यांच्या साइटवर तपासता येतो. खरी ड्युटी असेल तर आधी ट्रॅकिंग नंबर मागा आणि तो कुरिअरच्या साइटवर स्वतः टाइप करून बघा, मेसेजमधल्या लिंकवरून नाही. पोस्टाने आलेलं असेल तर पोस्टाचं ट्रॅकिंग बघा. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, त्याच तासाला 1930 ला फोन लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच असते.

ऑर्डर अडकली असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पण आधार नंबर आणि ट्रॅकिंग नंबर त्यात बोलू नका. भेटू पुढच्या भागात.