झाडीबोली आणि तिचा गोतावळा



या व्यासपीठावरून आपण विद्वानांची व्याख्याने ऐकता. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे बिडी कामगारांच्या सभांत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. भाषाशास्त्र सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु एका शब्दापायी एका बाईची मजुरी कशी अडली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तेथूनच आरंभ करतो.

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. मोहाडीकडच्या एका बाईची मजुरी सट्टेदाराने थकवली होती. चौकशीत तिने सांगितले, “हजार बिड्या वरून दिल्या.” जबाब घेणारे गृहस्थ बाहेरगावचे. त्यांनी लिहिले, ‘हजार बिड्या जास्तीच्या दिल्या.’ सट्टेदाराने तोच कागद उचलून धरला. बाईने आपखुशीने जास्तीचा माल दिला, मग त्याची मजुरी कसली? वस्तुतः बाई सांगत होती, ‘वळून दिल्या.’ आमच्या बोलीत ‘वळणे’चे ‘वरने’ होते! पुढच्या तारखेला मी हा उलगडा केला, जबाब दुरुस्त झाला, मजुरी मिळाली. पण मध्ये तीन महिने गेले. आणि बाहेर पडताना ती म्हणाली, “भाऊ, माहीच भासा असुद्द.” कागद चुकला दुसऱ्याचा, आणि लाज वाटली तिला. हे मला आजही सलते.

तिची भाषा अशुद्ध होती काय? झाडीबोलीत ण, ळ, श, ष आणि छ हे उच्चार नाहीत. पाणी ते पानी, डोळा तो डोरा, शेत ते सेत. अडाणीपणाची चूक असती, तर ती कधी झाली असती, कधी टळली असती. येथे दर वेळी तीच अदलाबदल होते. जे दर वेळी तसेच घडते, त्याला चूक म्हणत नाहीत, नियम म्हणतात.

आता हिचा गोतावळा पाहा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ही हिची झाडीपट्टी. पश्चिमेला नागपुरी, तिच्यापलीकडे वऱ्हाडी. आग्नेयेला बस्तरात हलबी. तुमसरकडून बालाघाटात शिरावे तर पोवारी कानी पडते. ग्रियर्सनसाहेबाने आपल्या पाहणीच्या सातव्या खंडात, १९०५ साली, हलबीला मराठीबरोबर बसविले. पोवारीला मात्र पूर्व हिंदीत, बघेलीच्या घरी धाडले. गोंडी तर द्राविड कुळातली; नात्याने परकी, शेजाराने सख्खी. १९५६ साली भंडारा मुंबई राज्यात आला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. १९९९ साली गोंदिया वेगळा जिल्हा झाला. सरकारने नकाशावर रेघा ओढल्या. बाजाराला येणारा माणूस मात्र रेघ ओलांडून कालच्यासारखाच बोलत राहिला.

हे दुखणे केवळ आपलेच आहे असे मानू नका. ‘अल्सेशियन’ म्हटले की आपल्याला कुत्रा आठवतो. पण फ्रान्सच्या पूर्व टोकाला, ऱ्हाइन नदीकाठी, आल्सेस नावाचा प्रांत आहे आणि तेथील लोकांची याच नावाची बोली आहे. ती जर्मन कुळातली. नदीपलीकडच्या जर्मन बाडेन प्रांताची आणि दक्षिणेला स्वित्झर्लंडच्या बाझेल शहराची बोली या तिच्या सख्ख्या बहिणी. आल्सेस १८७१ साली जर्मनीकडे गेला, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे आला, १९४० साली हिटलरने बळकावला, आणि १९४५ पासून पुन्हा फ्रान्सचा आहे. युद्धानंतर शाळेत फ्रेंचच आली. बोली म्हणजे शत्रूच्या भाषेची नातलग ठरली, आणि आईबाप मुलांशी ती बोलेनासे झाले. तिकडे बाझेलमध्ये बँकेचा अधिकारी आणि हमाल दोघेही आपली बोली बोलतात. लिहिण्याला मात्र प्रमाण जर्मन वापरतात. बहिणी सारख्याच, पण एक घरात मानाने नांदली आणि दुसरी अंगणात उभी राहिली. दोष भाषेत नव्हता, वागणुकीत होता.

कोणी विचारील, मग प्रमाण मराठी नको काय? हवी! मालकाला निवेदन मी प्रमाण मराठीतच लिहितो आणि आता बोलतोही तीच. साऱ्या महाराष्ट्राच्या कामगाराला एकमेकांशी बोलायला ती लागते. पण मुंबईला जायला रेल्वे लागते म्हणून घरची पायवाट कोणी नांगरून टाकत नाही. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा शब्दकोश केला, झाडीबोलीची साहित्य संमेलने भरू लागली. हे काम मोठे आहे. दंडारीत ही बोली ऐकून आपण टाळ्या वाजवतो. परंतु रंगमंचावर गोड वाटणारी बोली कचेरीच्या दारात गावंढळ का ठरावी?

माझी मागणी साधी आहे. माणसाचा जबाब त्याच्याच शब्दांत लिहावा, आणि सही-अंगठा घेण्यापूर्वी त्याला समजेल असा वाचून दाखवावा. गुरुजींनी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला हसू नये. ‘तुझ्या घरी पानी, पुस्तकात पाणी, दोन्ही ध्यानात ठेव’ एवढे सांगावे. आणि आपण शहरातल्यांनी, ज्यांच्या आजीची हीच बोली होती, तिची लाज सोडावी.

त्या बाईला मी त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. आज देतो. बाई, तुमची भाषा शुद्ध होती; आमचे कान अशुद्ध होते.