तांब्याच्या खाणीचं आंबट पाणी

पितळेच्या भांड्याची कल्हई गेली आणि त्यात ताक ठेवलं, की ते कळकतं. आंबटपणा भांड्यातलं तांबं ओढून घेतो. असं ताक ओतून द्यायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण अख्खी नदीच कळकली तर? आफ्रिकेतल्या झांबिया देशात असं घडलं. नदीचं नाव काफुए.

झांबियात तांब्याच्या मोठमोठ्या खाणी आहेत. आपल्या विहिरीवरच्या मोटारीत जी तार गुंडाळलेली असते, तिचं तांबं अशाच कुठल्यातरी खाणीतून निघालेलं असतं. तिथं दगडातून तांबं सोडवायला तेजाब वापरतात. मागं उरतं ते आंबट, विषारी पाणी आणि गाळ. ते बांध घालून साठवतात. १८ फेब्रुवारी २०२५ ला चांबिशीजवळ एका चिनी कंपनीचा असा बांध फुटला. सुमारे ५ कोटी लिटर घाण आधी ओढ्यात आणि मग काफुएत गेली. शंभर किलोमीटर खालपर्यंत मेलेले मासे सापडले. किटवे शहराचं नळाचं पाणी बंद करावं लागलं. तिथं वस्ती सात लाखांच्या आसपास.

सरकारनं मग विमानातून नदीत चुना टाकला. हो, चुनाच! चुन्यानं आंबटपणा मरतो, ते खरं. पण पाण्यात विरघळलेलं तांबं, शिसं कुठं जाणार? आंबटपणा कमी झाला की त्यातलं बरंचसं तळाच्या गाळात बसतं. वरचं पाणी नितळ दिसायला लागतं. पुढं पूर आला की गाळ ढवळतो, काठच्या शेतात पसरतो. म्हणून नदी साफ झाली असं कुणी म्हणालं, की आम्ही विचारतो, नुसतं पाणी तपासलंत की गाळही?

आणखी एक. असं पाणी उकळून भागत नाही. उकळल्यानं जंतू मरतात, धातू तसाच राहतो. उलट पाणी आटेल तसा तो दाट होतो. फडक्यानं गाळूनही विरघळलेला धातू निघत नाही.

बांध फुटला तेव्हा तिकडं पावसाळा होता आणि मका शेतात उभा होता. आपल्याकडं भाकरी, तसा त्यांच्याकडं मक्याच्या पिठाचा न्शिमा. रोजचं जेवणच ते. ओढ्याकाठची शेतं तेजाबानं जळाली. जळालेलं पीक निदान डोळ्यांना दिसतं, त्याची भरपाई मागता येते. पण मातीत मुरलेल्या धातूचं काय? पुढच्या हंगामात त्याच मातीत मका पेरायचा की नाही, हे शेतकऱ्यांना कुणीतरी तपासून सांगायला हवं. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथले शेतकरी कंपनीविरुद्ध कोर्टात गेले.