जुन्या प्रोग्रामची धसकटे

(वडवणी तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाची शेवटची वेचणी झाली की जाणता शेतकरी पऱ्हाटी उपटून शेताबाहेर काढतो. ती तशीच उभी राहिली तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो आणि पुढील पीक धोक्यात येते. वरचा कापूस दिसेनासा झाला म्हणजे रान मोकळे झाले असे नव्हे. शाळेतील संगणकाचेही तसेच आहे. जुना प्रोग्राम काढला असे आपण समजतो. परंतु त्याची धसकटे आत राहतात आणि नवा प्रोग्राम बसविताना आडवी येतात. त्या धसकटांविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, प्रोग्राम संगणकात एकाच ठिकाणी राहत नाही. त्याच्या मुख्य फाइली ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरमध्ये जातात. त्याची मांडामांड ‘प्रोग्राम डेटा’ व ‘ॲपडेटा’ या सहसा नजरेआड असणाऱ्या फोल्डरांत राहते. ‘रजिस्ट्री’ नावाच्या विंडोजच्या नोंदवहीत त्याची नोंद होते. काही प्रोग्राम संगणक सुरू होताच आपोआप चालू होणारी सेवाही मागे ठेवतात. यांपैकी मुख्य फोल्डर तेवढे पुसून टाकणे म्हणजे विद्यार्थी गाव सोडून गेला तरी हजेरीपटावर त्याचे नाव तसेच ठेवणे होय. नवा प्रोग्राम ती नोंद वाचतो, जुना अद्याप आहे असे समजतो आणि थांबतो.

अडथळा कोणता, हे संदेश नीट वाचल्यास पुष्कळदा कळते. विंडोजने १६१८ हा क्रमांक दाखविला तर दुसरे एखादे बसविण्याचे काम चालू आहे असा अर्थ. ते पुरे होऊ द्यावे. १७१४ दिसला तर जुनी आवृत्ती काढता येत नाही, असे विंडोज सांगत आहे. ऑफिसची ३२ बिटी आवृत्ती असताना ६४ बिटी बसवू गेल्यास तोही मार्ग अडतो. म्हणून संदेशाची खिडकी घाईने मिटवू नये. तो संदेश क्रमांकासह वहीत उतरून घ्यावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. काहीही काढण्यापूर्वी, त्या प्रोग्रामवाचून आपले कोणते कागद मुके होतील, हा प्रश्न स्वतःस विचारावा. मराठीच्या बाबतीत हा धोका खरा आहे. युनिकोडच्या १९९१ साली निघालेल्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्थान मिळाले होते. तथापि त्यानंतरही कित्येक वर्षे शाळा-कचेऱ्यांतील मराठी मजकूर जुन्या पद्धतीच्या फाँटांत टंकलिखित होत राहिला. त्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसविलेले असत. असा फाँट जुन्या प्रोग्रामबरोबर निघून गेला की दाखल्यावरील मुलाच्या नावाच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसू लागतात. मजकूर नष्ट झालेला नसतो, तो फाँट परत बसविल्यास पुन्हा वाचताही येतो. परंतु फाँटच हाती नसेल तर काय करावे? आपल्या बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास कित्येक कुटुंबे ऊसतोडीस जातात. त्यांच्या मुलाला परगावच्या शाळेत बसावयाचे असता आपल्याकडील नोंद वाचता येऊ नये, ही गोष्ट लहान नव्हे. म्हणून फाइलींची व त्या फाँटची प्रत आधी पेनड्राइव्हवर घ्यावी. पुढे सवडीने मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा आणि प्रत्येक नाव जनरल रजिस्टरशी ताडून पाहावे. रूपांतरात ऱ्हस्व वेलांटी, रफार व जोडाक्षरे यांची गफलत होऊ शकते.

यानंतर कामाचा क्रम असा ठेवावा. प्रथम सिस्टिम रिस्टोअरचा बिंदू तयार करावा. ही सोय पुष्कळ संगणकांवर बंद असते, ती चालू करून घ्यावी. मग सेटिंग्जमधील ॲप्सच्या यादीतून किंवा कंट्रोल पॅनेलमधून जुना प्रोग्राम रीतसर काढावा. प्रोग्राम करणाऱ्या कंपनीने सफाईचे स्वतःचे साधन दिले असेल तर तेही चालवावे. ॲन्टिव्हायरस बनविणाऱ्या अनेक कंपन्या असे साधन देतात. नंतर संगणक ‘रीस्टार्ट’ करावा. येथे एक बारकावा आहे. अलीकडच्या विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असल्यास ‘शट डाउन’ केल्याने आतील सर्व कामकाज खऱ्या अर्थाने संपत नाही. रीस्टार्टने ते नव्याने सुरू होते. एवढ्यानेच अडून राहिलेली फाइल पुष्कळदा सुटते. तरीही काम न झाल्यास त्या प्रोग्रामच्या नावाचे उरलेले फोल्डर पाहावेत. रजिस्ट्रीला हात सर्वांत शेवटी, तिची प्रत घेऊन आणि जाणकार जवळ असतानाच लावावा.

धसकटे वेचताना बांधावरचे झाड तोडावयाचे नसते. यादीत ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस’ हे नाव निरनिराळ्या सालांसह अनेकदा दिसेल. ती अडगळ नव्हे; अनेक प्रोग्राम तिचा सामाईक उपयोग करतात. तसेच विंडोजच्या फोल्डरात ‘इन्स्टॉलर’ नावाचे एक लपलेले फोल्डर असते. जागा मोकळी करण्याच्या हेतूने ते पुसले तर पुढे जुने प्रोग्राम ना काढता येतात, ना सुधारता येतात. खुद्द मायक्रोसॉफ्टने आपले ‘विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप’ हे साधन संगणकातील इतर घटकांना त्याने बाधा पोहोचते म्हणून २०१० साली मागे घेतले. मग इंटरनेटवर फुकट मिणाऱ्या कोणत्याही सफाईयंत्रावर आपण किती भरवसा ठेवावा, याचा विचार करावा.

शेवटी एक विनंती. डेडस्टॉक रजिस्टरात आपण बाके व फळे नोंदवितो. तशीच एक वही संगणकाजवळ ठेवावी. कोणता प्रोग्राम, कोणती आवृत्ती, कोणत्या तारखेस बसविला, केव्हा काढला आणि त्याच्या फाइलींची प्रत कोठे आहे, एवढे त्यात लिहावे. शिक्षकांची बदली होते; संगणक व मुलांच्या नोंदी शाळेतच राहतात. आपल्यामागून येणाऱ्या शिक्षकाला त्या वहीचे एक पान वाचून काम पुढे नेता आले, म्हणजे आपली सफाई पुरी झाली असे समजावे.